पाणी तेवढं बघत जा

आमच्या गाडीतलं पाणी कमी व्हायचं. पेट्रोल कमी होतं ते समजण्यासारखं आहे; ते संपावं म्हणूनच आपण भरतो. पण इंजिन थंड ठेवायला जे पाणी घालतात, ते कमी व्हायचं काही कारण नसतं. ते बिचारं इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात अशा फेऱ्या मारत असतं. तेही बंद पाइपांतून. आवाराच्या आत शतपावली घालणाऱ्या पेन्शनरासारखं. बाहेर पडायला त्याला दारच ठेवलेलं नसतं. तरीही दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडावं तर बाजूच्या पांढऱ्या डब्यातली पातळी वरची रेघ सोडून खालच्या रेघेच्या शोधात निघालेली असायची.

आता मी पडलो तर्कशास्त्राचा प्राध्यापक. एकतीस वर्षं मुलांना शिकवलं, की कारणाशिवाय कार्य घडत नाही. इथे कार्य रोज घडत होतं आणि कारण फरार होतं. एका रात्री मी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. थेंब पडला तर कागदावर डाग दिसेल, आणि डाग जिथे असेल त्याच्या बरोबर वर भोक असेल, असा सरळ अनुमानाचा मार्ग. सकाळी वाकून पाहिलं तर अग्रलेखावर शेजारचं मांजर झोपलेलं होतं आणि अग्रलेख नेहमीसारखाच कोरडा होता.

रत्नागिरीत बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभं राहणं म्हणजे परिसंवादाचं जाहीर निमंत्रण. दहा मिनिटांत चार वक्ते जमले. एक म्हणाले, "उन्हानं आटत असेल." दुसऱ्यांनी हलक्या आवाजात "हेड गॅस्केट गेली" असं सांगितलं, 'गेली' हा शब्द त्यांनी अशा काही उच्चारला, की मी नकळत चप्पल काढणार होतो. तिसऱ्यांचं म्हणणं, नळाचं पाणी घालता म्हणून जातं, आमच्या विहिरीचं घाला. चौथे काहीच बोलले नाहीत. ते फक्त "हं" म्हणाले आणि निघून गेले. त्यांना नक्की कळलं असावं.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्या भेटीत रेडिएटरचं झाकण बदललं. हे झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. त्यात स्प्रिंग असते आणि ती पाण्याला दाबून धरते. दाबाखाली पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, प्रेशर कुकरचंच तत्त्व. स्प्रिंग म्हातारी झाली की पाणी आधीच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. खाली थेंब पडायचा प्रश्नच नाही. मला हे कारण फार आवडलं. स्वस्त होतं, शिवाय तर्कशुद्ध होतं. नवीन झाकण लावून मी पंधरा दिवस ताठ मानेनं गाडी चालवली. सोळाव्या दिवशी डबा पाहिला. पातळी पुन्हा आपल्या वाटेनं निघालेली.

यानंतर मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या कायमच्या ठेवल्या आणि दर रविवारी सकाळी डबा भरायला लागलो. देवाला पाणी घालावं तसं. महिन्याभरात त्याची इतकी सवय झाली, की त्यात काही बिघाड आहे हेच मी विसरलो. दीड वर्ष असं चाललं.

मध्यंतरी ही दोन-तीनदा म्हणाली होती, "अहो, गाडीत कसला तरी गोड वास येतो. काकवीसारखा." मी म्हटलं, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या नेल्या होत्या, त्याचा असेल. ही म्हणाली, "आंब्याचा वास मला कळत नाही होय?" दुसऱ्यांदा म्हणाली, माझ्या पायाखालची मॅट ओली लागते. मी म्हटलं, अगं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो या गावात. इथे काय ओलं नाही? तिसऱ्यांदा म्हणाली, सकाळी समोरची काच आतून धुरकट असते, पुसली तर बोट तेलकट होतं. त्यावर मी काय म्हटलं ते आठवत नाही. बहुधा काहीच म्हटलं नसावं. नवऱ्यांकडे उत्तर नसलं की ते रस्त्यावर लक्ष देतात.

पुढे २०२३च्या दिवाळीआधी मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, काढून टाका ती गाडी. अकरा वर्षं झाली." मग ओळखीतून एक गिऱ्हाईक आलं. साखरप्याच्या बाजूला नवीन नेमणूक झालेला शिक्षक, त्याची बायको आणि तिच्या कडेवर दीडेक वर्षाची मुलगी. बायकोचं माहेर कोल्हापूरकडे. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी आंबा घाट चढायचा. मुलगा सालस होता. काका-काकू म्हणत होता. मारुती मंदिरापासून भाट्याच्या पुलापर्यंत आणि परत अशी चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, छान ठेवलीय गाडी."

छान ठेवली होतीच. त्या सकाळी सहाला, दूधवाला यायच्याही आधी, मी डबा अगदी वरच्या रेघेपर्यंत भरून ठेवला होता. रविवार नव्हता. बुधवार होता. बुधवारी मी पाणी का घातलं, हे त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही.

एक लाख चाळीस हजारांवर सौदा ठरला. त्यानं दहा हजार इसार दिला. आणि मग निघता निघता मी ते वाक्य बोललो. "टायरमधली हवा बघत जा, उन्हात फार लावू नका, आणि पाणी तेवढं बघत जा." तो म्हणाला, "हो काका." हिनं मुलीच्या हातात बिस्किट दिलं. मंडळी गेली.

रात्री मला झोप येईना. गाडीतलं पाणी जातं हे त्याला सांगायला हवं होतं, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, सांगितलं की! 'पाणी तेवढं बघत जा' याचा दुसरा अर्थ काय होतो? पण दोघांनाही ठाऊक होतं, की जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस घेणाऱ्याला हे वाक्य सांगतो. मुलीला सासरी पाठवताना 'सांभाळून राहा' म्हणतात, त्याच जातीचं ते वाक्य आहे. त्यातून सासूच्या स्वभावाची माहिती मिळत नाही. मी खरं तेच बोललो होतो, पण ते ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोललो होतो.

आणि मग अर्थातच धर्मराज आठवले. त्यांनीही खरंच सांगितलं होतं. अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं आणि तो हत्ती होता हे हळू. तोवर त्यांचा रथ म्हणे जमिनीच्या चार बोटं वरून चालायचा; त्या दिवशी तो खाली टेकला. लहानपणी या गोष्टीत मला शिक्षा फारच किरकोळ वाटायची. चार बोटांनी काय होतं? गाडी घेतल्यावर कळलं. आमच्याकडच्या रस्त्यांवर चार बोटं म्हणजे सगळं काही आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वकीलसाहेबांकडे गेलो. हे गृहस्थ पंचाहत्तरीचे, वकिली सोडून दहा वर्षं झालेली, पण कलम विचारलं की अंगात येतं. मी विषय अगदी तत्त्वाच्या पातळीवर काढला. एखाद्या माणसानं एखादी वस्तू विकली आणि तिच्यातला एखादा दोष सांगितला नाही, तर?

"गाडीचं पाणी ना?" ते म्हणाले. रत्नागिरीत तत्त्वाच्या पातळीवर फार वेळ राहता येत नाही.

मग त्यांनी १८७२चा करार कायदा काढला. कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं तिथे लिहिलेलं आहे. उदाहरणही दिलं आहे. 'अ'नं लिलावात 'ब'ला घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे 'अ'ला माहीत होतं. तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे.

माझ्या जिवात जीव आला. कायदा दीडशे वर्षांचा आहे, काही विचार करूनच लिहिला असेल.

"थांबा प्रोफेसर," वकीलसाहेब म्हणाले, "पुढचं उदाहरण ऐका. तोच घोडा, तोच 'अ'. पण 'ब' ही त्याची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. मग मात्र सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि तिसरं. 'ब' म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असं मी धरून चालेन. 'अ' गप्प बसतो. तिथे गप्प बसणं म्हणजे बोलणंच."

मी म्हटलं, "तो मला काका म्हणाला हो."

"कोकणात सगळेच सगळ्यांना काका म्हणतात. त्यानं नातं होत नाही. त्यानं 'काही दोष नाही ना' असं विचारलं का?"

"नाही. 'छान ठेवलीय' म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"चहा घेणार का, म्हणालो."

वकीलसाहेबांनी पुस्तक मिटलं. "कायद्यानं तुम्ही सुटता," ते म्हणाले. हे ते अशा स्वरात म्हणाले, की मला सुटल्यासारखं वाटेना. महाभारतात हत्ती, कायद्यात घोडा! सत्याला बगल द्यायची तर माणसाला मोठं जनावर लागतं, असं दिसतं. माझी तर नुसती अश्वशक्ती होती, तीही अकरा वर्षं वापरलेली.

घरी येऊन कपाट उघडलं. नोकरीत असताना दरवर्षी एका तासाला मी सिसेरो शिकवायचो. या रोमन गृहस्थानं इसवी सनापूर्वी ४४व्या वर्षी, अथेन्सला शिकायला ठेवलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक पुस्तक लिहिलं. मुलाचे प्रताप वेगळेच चालले होते म्हणतात. पण बापाला लिहायला निमित्त मिळालं. त्यात एक घर विकायला काढलेलं आहे. घर रोगट आहे, लाकूड खराब झालेलं आहे, झोपण्याच्या खोल्यांतून साप निघतात. आणि हे मालकाशिवाय कोणालाच माहीत नाही. त्यानं सांगावं की न सांगावं? दोन तत्त्वज्ञ भांडतात. एक म्हणतो सांगितलंच पाहिजे, न सांगणं म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून वाईट. दुसरा विचारतो, घे म्हणून मी त्याच्यावर जबरदस्ती केली का? विकणारा जर स्वतःच मालाचे दोष सांगायला लागला तर उद्या दवंडीवाला ओरडेल, 'रोगट घर विकणे आहे हो!'

वर्गात या दवंडीला हमखास हशा यायचा. मीही हसायचो. मग मुलांना सांगायचो, की सिसेरोनं निकाल पहिल्याच्या बाजूनं दिला आहे. त्याचं म्हणणं, प्रत्येक गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. पण जे तुम्हाला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक होऊ नये यात तुमचा फायदा असेल आणि म्हणून तुम्ही गप्प असाल, तर ते लपवणं. यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा. मी शेकडो पेपर तपासले असतील. गाडी विकायची वेळ माझ्यावर येईल अशी तेव्हा कल्पना नव्हती, नाहीतर मार्क थोडे सढळ दिले असते.

पण आता मला एक पळवाट सुचली आणि ती मला सिसेरोपेक्षाही पक्की वाटली. घरात साप आहेत हे त्या मालकाला ठाऊक होतं. मला काय ठाऊक होतं? पाणी जातं, एवढंच. कुठून, का, गंभीर की किरकोळ, काही ठाऊक नव्हतं. आपल्या हापूसचंच पाहा. वरून सोन्यासारखा आंबा, देठापाशी वास सुरेख, आणि कापावा तर आत पांढरट साका. बागाईतदाराला आधी कळत नाही, दलालाला कळत नाही, खाणाऱ्याला सुरी लावेपर्यंत कळत नाही. म्हणून बागाईतदाराला कोणी लबाड म्हणतं का? जे मला ठाऊकच नाही ते मी सांगणार कसं? हा युक्तिवाद घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो.

ही आमसुलं निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "आंबा कापून बघता येत नाही, विकायचा असतो. गाडी बघता येत होती. दीड वर्ष नेली नाहीत. का?"

"वेळ नव्हता."

"तुम्ही रिटायर आहात."

यावर मी रस्त्याकडे लक्ष देणार होतो, पण स्वयंपाकघरात रस्ता नव्हता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझं दीड वर्ष स्वच्छ दिसलं. पाणी कुठे जातं हे मला कळत नव्हतं असं नव्हे. कळू नये अशी मी व्यवस्था केली होती. मिस्त्रींनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "सर, झाकणानं नाय थांबलं तर घेऊन या, दाब देऊन बघू." मी गेलो नाही. कारण हेड गॅस्केट असली तर पंचवीस-तीस हजार, ही भीती. आणि त्या भीतीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, साक्यासारखी: कळलं तर सांगावं लागेल. कळलंच नाही तर एखाद्या दिवशी ही गाडी स्वच्छ मनानं कोणाच्या तरी हवाली करता येईल. दर रविवारी मी डब्यात पाणी घालत नव्हतो, माझं अज्ञान टॉप-अप करत होतो. लोकमान्य या गावात जन्मले. त्यांची शेंगांची गोष्ट आम्ही शाळेत ऐकली. शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफलं उचलणार नाही. मी शेंगा खाऊन टरफलांकडे पाठ करून बसलो होतो, म्हणजे टरफलं पाहिली नाहीत असं शपथेवर सांगता यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजला. गाडी गार असतानाच, कारण गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर वाफ घेणं. मिस्त्रींनी आधी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलात पाणी शिरलं तर ते दुधाच्या चहासारखं होतं. आमचं काळंच होतं. मग गाडी चालू करून सायलेन्सरमागे उभे राहिले. गोडसर पांढरा धूर थांबता थांबत नसेल तर पाणी इंजिनात जळतं आहे. तसा धूर नव्हता. वॉटर पंपाच्या खाली सुकलेल्या कूलंटचा ओघळ असतो का ते बॅटरी मारून पाहिलं, होज पाइपांच्या क्लिपा चाचपल्या. सगळं कोरडं. इंजिन बंद करून, पुरतं गार होऊ दिलं. मग झाकणाच्या जागी एक हातपंप बसवला, त्याला घड्याळासारखा गेज. पंप मारून काटा झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत चढवला आणि म्हणाले, "आता चहा घेऊ."

चहा होईपर्यंत काटा बराच खाली आला होता. मिस्त्रींनी गाडीखाली पाहिलं. थेंब नाही.

"दाब उतरतोय आणि बाहेर थेंब नाय," ते म्हणाले, "म्हणजे पाणी आत जातंय. एकतर इंजिनाच्या आत नायतर गाडीच्या आत. इंजिनाचं लक्षण काय दिसत नाय."

एकतीस वर्षांत इतका निर्दोष विकल्पानुमानाचा नमुना माझ्या वर्गात कोणी दिला नव्हता.

मग त्यांनी डाव्या बाजूचं दार उघडलं, मॅट काढली, खालचं कार्पेट उचललं आणि तळहात आत घातला. हात हिरवट ओला होऊन बाहेर आला. त्यांनी तो नाकाशी नेला, दोन बोटं एकमेकांवर घासली. "एसीचं पाणी असतं तर साधं असतं. हे बुळबुळीत हाय, गोड वास हाय. हीटर फुटलाय सर."

"हीटर?" मी म्हटलं. रत्नागिरीत! इथे बारा महिने घाम पुसतो आम्ही. अकरा वर्षांत त्या नॉबला हात लावलेला नाही.

त्यांनी समजावलं. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो. आपण नॉब फिरवतो तो नुसता हवेचा पडदा हलवतो. इंजिनाचं गरम पाणी त्या छोट्या रेडिएटरमधून सदासर्वदा फिरतच असतं, हीटर लावा की न लावा. तो गंजला आणि थेंब थेंब कार्पेटात मुरत गेला. जमिनीवर डाग पडणार कसा? कार्पेट पीत होतं. वाफ काचेवर बसत होती, तीच तेलकट.

"वास आला असंल की," मिस्त्री म्हणाले, "काकवीसारखा. आणि डाव्या सीटवर बसणाऱ्याचे पाय वले होत असतील. कोन बसतं?"

मी काही बोललो नाही. कलम १७.

निघण्यापूर्वी मी त्यांना विचारलं, की समजा कोणी पाणी बघितलंच नसतं, तर? त्यांनी सांगितलं ते मला त्या रात्री पुन्हा आठवलं. पाणी थोडं कमी झालं तर काटा वर चढतो, माणूस सावध होतो. पण पाणी पार खाली गेलं तर काट्याचा सेन्सर कोरडा पडतो, आणि मग इंजिन पेटलेलं असताना काटा मध्येच, शहाण्यासारखा उभा राहू शकतो. घाटात दुसऱ्या गिअरवर, मागे भरलेला ट्रक, आणि समोर सगळं ठीक आहे म्हणून सांगणारा काटा. पुढे हेड वाकतं, गाडी तिथेच. मला आंबा घाटातलं एक वळण दिसलं आणि त्या कठड्याशी मुलीला कडेवर घेऊन उभी राहिलेली एक बाई. काट्यानं खोटं सांगितलेलं नाही. तो फक्त बोललेला नाही.

उपाय दोन होते. डॅशबोर्ड सगळा उतरवून नवा हीटर बसवायचा, आठ-नऊ हजार आणि दोन दिवस. नाहीतर हीटरकडे जाणारे दोन पाइप इंजिनाच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकायचे. पाणी फिरत राहतं, हीटर वगळला जातो. फूटभर पाइप, दोन क्लिपा, मजुरी धरून चारशे रुपये. "कोकणात हीटर म्हणजे राजापुरात स्वेटरचं दुकान," मिस्त्री म्हणाले. मी चारशेचा उपाय निवडला. पुन्हा पंप मारला, आम्ही पुन्हा चहा घेतला, आणि काटा जिथे होता तिथेच राहिला. कार्पेट काढून धुऊन दोन दिवस उन्हात घातलं. मिस्त्रींनी बजावलं, हे पाणी सांडलेलं कुत्र्या-मांजराला चाटू देऊ नका, गोड लागतं पण विष असतं. मला अग्रलेखावरचं मांजर आठवलं. बरं झालं, गाडी बाहेर गळत नव्हती ते.

त्या संध्याकाळी साखरप्याला फोन लावला. वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली होती, नाहीतर मी पुन्हा टायरच्या हवेपासून सुरुवात केली असती. म्हटलं, गाडीतलं पाणी दीड वर्ष जात होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. आता कारण सापडलं, दुरुस्त केलं. पण हीटर तोडला आहे. घाटात थंडीत काच धरली तर एसी लावून साफ करावी लागेल. नको असेल तर इसार परत देतो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "काका, मला माहीत होतं."

"काय?"

"पाणी जातं ते. डिकी उघडली तेव्हा दोन बाटल्या दिसल्या. आणि अकरा वर्षांच्या गाडीत डबा एकदम वरच्या रेघेपर्यंत... म्हणजे सकाळीच भरलेला. मी हेड गॅस्केट धरली आणि तेवढे कमी करूनच एक लाख चाळीस म्हटलं. नाहीतर एक पासष्ट म्हणणार होतो."

आता माझी अवस्था बघा. दोन रात्री ज्या माणसाला फसवल्याबद्दल मी तळमळत होतो, त्यानंच मला पंचवीस हजारांना... काय म्हणावं? फसवलं? तो फक्त गप्प बसला होता. माझा पहिला विचार, लाज वाटते सांगायला, असा आला की या मुलानं बोलायला हवं होतं! दुसरा विचार असा, की आता गाडी नीट झाली, गॅस्केटही शाबूत निघाली, तर किंमत पुन्हा बोलायला हवी. तिसरा विचार करेपर्यंत तोच म्हणाला, "पण हीटर नाही म्हणजे काका, एक-दोन हजार कमी करा." अस्सल शिक्षक. चूक कबूल करणाऱ्याचेही अर्धा मार्क कापतात.

मी वकीलसाहेबांना विचारून सांगतो म्हटलं. ही पलीकडून म्हणाली, "कोणाला विचारायची गरज नाही. दीड लाख सांगा." मी दीड लाख सांगितलं. तो एक पंचेचाळीस म्हणाला. जमलं. बरोबर किंमत कोणती होती, हे मला अजून सांगता येणार नाही. सिसेरोनं घराचा भाव दिलेला नाही.

पुढच्या रविवारी दोघं मुलीला घेऊन आली. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून दिले, चाव्या दिल्या. डिकीतल्या बाटल्या मी काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यानं मागून घेतली, असू दे म्हणाला. त्याची बायको डाव्या सीटवर बसली, मुलीला मांडीवर घेतलं आणि सवयीनं पाय थोडे वर उचलून धरले. बहुधा त्या दिवशी भाट्याला जाताना तिच्याही लक्षात आलं असावं.

ही पुढे झाली, दार लावता लावता वाकली आणि म्हणाली, "पाय खाली सोडून बस गं. आता कोरडं आहे."